जिंकलेल्या गटानंच हिशेब मागितला तेव्हा: मारकडवाडीचं प्रकरण

राज्यशास्त्रात एक बऱ्यापैकी पक्कं निरीक्षण आहे. निवडणूक झाली की हरलेल्या बाजूच्या लोकांचा निवडणुकीवरचा विश्वास घसरतो आणि जिंकलेल्यांचा वाढतो. सर्व्हे कुठल्याही देशातला घ्या, थोड्याफार फरकानं हेच दिसतं, आणि लोकशाही टिकते ती हरलेले लोक कुरकुरत का होईना पण निकाल मान्य करतात म्हणून, असं त्यावरून म्हणतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर २०२४ ला मात्र उलटंच झालं. उमेदवार जिंकला, तालुक्यात गुलाल उधळला गेला आणि त्याच उमेदवाराचे लोक म्हणाले की आम्हाला आमच्या गावाचा आकडा मान्य नाही, आम्ही बॅलट पेपरवर परत मतदान घेतो.

मी इथं सोलापुरात राज्यशास्त्र शिकवतो आणि हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. मारकडवाडीवर जे काही लिहिलं-बोललं गेलं त्यातलं नव्वद टक्के "ईव्हीएम हॅक होतंय का नाही" याच एका खड्ड्यात अडकलंय, आणि गावाचा खरा प्रश्न त्यात हरवून गेलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी काय झालं ते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला आणि निकाल २३ ला. माळशिरस हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. शरद पवार गटाचे उत्तम जानकर यांना १,२१,७१३ मतं, भाजपचे राम सातपुते यांना १,०८,५६६, म्हणजे जानकर १३,१४७ मतांनी आले. २०१९ ला हेच दोघं समोरासमोर होते आणि तेव्हा सातपुते अवघ्या २,५९० मतांनी जिंकलेले. मधे सातपुते सोलापूर लोकसभेला प्रणिती शिंदेंच्या विरोधात लढून ७४,१९७ मतांनी हरले होते. म्हणजे सगळी ओळखीचीच माणसं, ओळखीचीच भांडणं.

आता मारकडवाडी. गावात सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं निघाली. जानकर गटाच्या लोकांना हे पटेना. त्यांचं म्हणणं असं की आमचं गाव कायम जानकरांच्या मागं राहिलंय, याआधी इथं असं कधी झालं नाही, मग ही १,००३ माणसं आली कुठून? त्यांनी तहसीलदारांकडं अर्ज केला की आम्हाला बॅलट पेपरवर मतदान घ्यायचंय, कर्मचारी द्या, खर्च आम्ही भरतो. अर्ज नामंजूर झाला. मग गावानं ठरवलं की आपणच घेऊ, ३ डिसेंबर. मतपत्रिका छापल्या, मांडव घातला, तयारी झाली. प्रशासनानं २ ते ५ डिसेंबर जमावबंदी लावली, गावात मोठा पोलीस बंदोबस्त आला, आणि मत टाकलं तर गुन्हे दाखल होतील असं सांगण्यात आलं. मतदान रद्द झालं. तरी जानकरांसह बऱ्याच जणांवर गुन्हे दाखल झालेच. ८ डिसेंबरला स्वतः शरद पवार गावात आले, १० डिसेंबरला भाजपच्या बाजूनं गोपीचंद पडळकर, सदाभाऊ खोत, सातपुते यांची सभा त्याच गावात झाली. आठवडाभरात अडीच हजाराच्या आतबाहेर मतदार असलेलं गाव देशभर माहीत झालं.

प्रशासनाची बाजू अशी होती की निवडणूक घ्यायचा अधिकार फक्त आयोगाचा, मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंटांनी काही हरकत घेतली नव्हती, सकाळी एजंटांसमोर मॉक पोल झाला होता (किमान ५० मतं टाकून, चिठ्ठ्या मोजून जुळवून बघतात, आणि ही पद्धत खरंच चांगली आहे), त्यामुळं शंकेला जागा नाही. यात चुकीचं काही नाही, पण गावानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही यात नाही. गावाला हवं होतं ते एवढंच की आमच्या बूथवरच्या चिठ्ठ्यांमध्ये किती कुणाच्या आहेत.

मतदान करताना व्हीव्हीपॅटच्या काचेमागं चिठ्ठी दिसते ना, उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव, चिन्ह, सात सेकंद, आणि मग ती कापली जाऊन खालच्या डब्यात पडते. गावात जितकी मतं पडली तितक्या चिठ्ठ्या त्या डब्यांमध्ये होत्या. मारकडवाडीचे सगळे बूथ धरले तरी दोन हजारांच्या आत. चार माणसं बसली तर दुपारच्या जेवणाआधी मोजून होतील. मग मोजल्या का नाहीत?

इथं कायद्याची रचना नीट बघायला लागते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथंच आहे.

पहिला रस्ता, पाच बूथची पडताळणी. सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी काढून पाच बूथ निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्याशी जुळवतात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, म्हणजे १,४४० बूथ. आयोगानं सांगितलं की एकाही ठिकाणी फरक आला नाही. हा पुरावा हलका नाही, आणि जे लोक "त्याला काय अर्थ" म्हणून उडवून लावतात ते चुकतायत. हिशोब करून बघा. राज्यात शंभरातल्या एका मशीनमध्ये जरी गडबड असती तरी १,४४० यादृच्छिक बूथमध्ये एकही न सापडण्याची शक्यता जवळपास शून्य येते. म्हणजे राज्यभर घाऊक फेरफार झाला हा दावा या आकड्यापुढं टिकत नाही. पण तोच हिशोब आता एका मतदारसंघात करा. समजा ३०० बूथ आहेत आणि त्यातल्या फक्त तिघांत गडबड आहे. पाच बूथ काढले तर त्यातला एकतरी सापडण्याची शक्यता शंभरात पाच. म्हणजे तीच पद्धत राज्याच्या प्रश्नाला भक्कम उत्तर देते आणि एका गावाच्या प्रश्नाला जवळजवळ काहीच उत्तर देत नाही. आयोग १,४४० चा आकडा सांगत राहिला, गाव १,००३ चा आकडा विचारत राहिलं, आणि दोघांनाही वाटत राहिलं की समोरचा मुद्दाम ऐकत नाहीये.

दुसरा रस्ता, उमेदवाराचा अर्ज. निवडणूक नियमांमध्ये ५६-ड म्हणून एक तरतूद आहे, मतमोजणी झाली की उमेदवार किंवा त्याचा एजंट एखाद्या बूथच्या चिठ्ठ्या मोजा असा लेखी अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं करू शकतो, मंजूर करायचा का नाही ते अधिकारी ठरवतो. पण मतमोजणीच्या हॉलमध्ये आपला माणूस तेरा हजारांनी पुढं असताना कोण कशाला असा अर्ज करेल? त्या वेळी सगळ्यांचं लक्ष एकूण लीडवर असतं, गावनिहाय आकडे शांतपणे बघितले जातात ते नंतर.

तिसरा रस्ता, मशीनची तपासणी. २६ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली पण एक सोय दिली. निकालानंतर सात दिवसांत अर्ज केला तर पाच टक्के मशीनची मेमरी तपासता येईल, खर्च अर्जदाराचा, गडबड निघाली तर पैसे परत. पण हा हक्क कुणाला? दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. दुसरे होते सातपुते, आणि ते मारकडवाडीत पुढं होते. त्यांनी का तपासायला सांगावं? जानकर पहिले, म्हणून त्यांना हक्कच नाही.

चौथा रस्ता, हायकोर्टात निवडणूक याचिका, ४५ दिवसांच्या आत. ही मतदारसुद्धा करू शकतो. पण याचिका असते निवडून आलेल्याची निवड रद्द करण्यासाठी, आणि मतांच्या मोजणीतला घोळ दाखवायचा तर त्यामुळं निकालावर परिणाम झाला हे सिद्ध करायला लागतं. इथं गावातल्या सगळ्या मतांची उलथापालथ झाली असती तरी १३,१४७ चा फरक पुसला जात नव्हता, आणि गावाला जानकरांची निवड रद्द करायची नव्हतीच.

चारही दरवाजे बंद, आणि कुणी मुद्दाम बंद केलेत असंही नाही. आपली तक्रार व्यवस्था असं गृहीत धरून बांधलेली आहे की तक्रार करणारा म्हणजे हरलेला उमेदवार. जिंकलेल्या बाजूचा मतदार उभा राहून "माझं मत कुठं गेलं" असं विचारेल हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. मतदार म्हणून, नुसता मतदार म्हणून, आपल्या बूथचा कागद मोजून मागायचा हक्क कुणालाच नाही. मारकडवाडीनं जो मांडव घातला तो या रिकाम्या जागेत घातला.

आता दुसरी बाजू, आणि ही मला गावातल्या लोकांना मनापासून सांगायची आहे कारण त्यांच्या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. ते फेरमतदान झालं असतं तरी त्यातून काही सिद्ध झालं नसतं. समजा ३ डिसेंबरला मतदान झालं आणि जानकरांना १,४०० मतं पडली. मग काय? नोव्हेंबरला निकाल माहीत नव्हता, डिसेंबरला माहीत होता. नोव्हेंबरला दोन्ही गट मतदानाला होते, डिसेंबरला भाजपच्या बाजूचे लोक मांडवाकडं फिरकलेही नसते, त्यांनी तसं सांगितलंच होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते गुप्त मतदान राहिलंच नसतं. ज्या गटानं मांडव घातला, पेट्या आणल्या, त्याच गटाची माणसं तिथं उभी असताना कोण कुठं शिक्का मारतंय याची भीती माणसाला वाटणारच, शिक्का कितीही आडोशाला मारला तरी.

वर्गात हे प्रकरण शिकवताना एक बोलणं झालं ते मला इथं द्यावंसं वाटतं. माळशिरसकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडं कोण कुणाचा माणूस आहे हे सगळ्यांना म्हाइत असतंय. त्यात लपवायचं काय?" त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी, तीही खेड्यातलीच, म्हणाली, "म्हाइत असतंय ते घरातल्या बापयाचं. माझ्या आईनं कुणाला दिलं ते माझ्या वडलांना अजून म्हाइत नाही. तिला विचारलं तर ते जे नाव घेतात तेच ती घेते." वर्ग शांत झाला. त्या मुलीनं दोन वाक्यांत जे सांगितलं ते संशोधक मोठमोठ्या लेखांत सांगतात, की माणसं चारचौघांत जी पसंती सांगतात आणि पडद्याआड जी देतात त्यात फरक असतो, आणि ज्याच्या हातात सत्ता कमी त्याच्या बाबतीत हा फरक जास्त असतो. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या खात्यावर यायला लागले होते. मारकडवाडीत त्यामुळंच मतं फिरली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. पण "गावाला सगळं माहीत असतं" या वाक्यात गाव म्हणजे कोण, हे विचारायला पाहिजे.

आणखी एक स्थानिक गोष्ट बाहेरच्या पत्रकारांच्या लक्षात आली नाही. जानकर आणि अकलूजचे मोहिते-पाटील ही तालुक्यातली जुनी लढाई. २०१९ ला मोहिते-पाटील भाजपसोबत होते आणि जानकर विरोधात. २०२४ च्या लोकसभेला मोहिते-पाटील पवारांकडं परत आले, जानकर त्यांच्यासोबत गेले, धैर्यशील मोहिते-पाटील माढ्यातून खासदार झाले आणि विधानसभेला दोघं एकत्र. ज्यानं वर्षानुवर्षं जानकरांना मत दिलं ते अकलूजच्या विरोधात म्हणून दिलं, त्या माणसानं आता काय करायचं? नेते हातात हात घालतात तेव्हा कार्यकर्ते लगेच घालतातच असं नाही. २०१९ चे आकडे घेऊन २०२४ ला "अशक्य" म्हणायचं तर मधल्या काळात मैत्र्या कशा बदलल्या ते धरायलाच लागतं. यानंसुद्धा १,००३ चं कोडं सुटलं असं नाही, पण मशीन सोडून दुसरं कारणच असू शकत नाही असं म्हणता येत नाही.

मग हे गाव एवढं पेटलं का? त्याचं उत्तर गावाच्या बाहेर, मोबाईलवर आहे. लोकसभेला महाविकास आघाडीनं ४८ पैकी ३० जागा घेतल्या आणि पाच-सहा महिन्यांत विधानसभेला तीच आघाडी ४६ वर आली, महायुती २३० च्या घरात. एवढी उलथापालथ लोकांना पचली नाही आणि प्रत्येकजण कारण शोधत होता. व्हॉट्सॲपवर तेव्हा चार वेगवेगळे आरोप फिरत होते आणि फिरता फिरता त्यांचा एक गोळा झाला. एक, मशीनमध्ये फेरफार. दोन, संध्याकाळी ५ ला ५८.२२ टक्के असलेलं मतदान शेवटी ६६.०५ कसं झालं. तीन, लोकसभा ते विधानसभा मतदारयादीत एवढी नावं कशी वाढली. चार, गावातले आकडे पटत नाहीत. यातला प्रत्येक आरोप वेगळा आहे आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या कागदात आहे. पाचनंतरच्या वाढीचं उत्तर सतरा-सी मध्ये सापडतं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष हा फॉर्म भरतो, मशीनचा नंबर, यादीतले मतदार, रजिस्टरमध्ये सह्या केलेले मतदार, मशीनमधली एकूण मतं, सीलचे नंबर, आणि त्याची प्रत तिथंच एजंटांना मिळते. दिवसभरात टीव्हीवर येणारे टक्के फोनवरून गोळा केलेले अंदाज असतात आणि सहाला रांगेत असलेल्या सगळ्यांना मत देता येतं, तेव्हा ज्याला शंका आहे त्यानं आपल्या एजंटांचे सतरा-सी गोळा करून बेरीज करावी, ते शक्य आहे. यादीचा प्रश्न मशीनचा नाहीच, तो घरोघर जाऊन तपासायचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते चौघांत सगळ्यात गंभीर तोच आहे. मारकडवाडीचा वाद मात्र एकूण आकड्याचा नव्हता, वाटणीचा होता, आणि त्यासाठी चिठ्ठ्याच लागतात. पण फॉरवर्डमध्ये हे चौघे एकत्र आले आणि मारकडवाडीचा मांडव चारही आरोपांचा पुरावा म्हणून फिरायला लागला, आणि उलट बाजूनं "१,४४० बूथच्या चिठ्ठ्या जुळल्या" हे चारही आरोपांचं उत्तर म्हणून.

जमावबंदीनं यात तेल ओतलं, हे स्पष्टच म्हणतो. मतदान झालं असतं तर त्यातल्या उणिवा दुसऱ्याच दिवशी दिसल्या असत्या, भाजपच्या लोकांनी आम्ही गेलोच नाही म्हणून सांगितलं असतं आणि विषय तिथंच विरला असता. बंदोबस्त आला आणि व्हिडिओत एकच गोष्ट दिसली की गावाला मत टाकू देत नाहीत. लपवायला काही नाही तर अडवता कशाला, या साध्या प्रश्नाला कुठलंही प्रेस नोट उत्तर देऊ शकत नव्हतं.

दुसरीकडं, आमच्या जिल्ह्याचा एकूण निकाल बघा. ११ पैकी भाजप ५, शरद पवार गट ४ (माळशिरस, माढा, करमाळा, मोहोळ), बार्शीत ठाकरे गट, सांगोल्यात शेकाप. सगळ्या राज्यात शरद पवार गटाचे १० आमदार आले त्यातले ४ एकट्या सोलापूर जिल्ह्यातून. ज्या जिल्ह्यात विरोधक राज्याच्या लाटेच्या विरुद्ध टिकले तिथूनच सगळ्यात मोठा आवाज आला. मला यात विसंगती दिसत नाही. जिथं कार्यकर्त्यांचं जाळं शाबूत असतं तिथंच बूथचे आकडे कोणी बारकाईनं बघतं, आणि जिथं सगळं कोसळलेलं असतं तिथं बघायलाही कोणी उरत नाही.

बूथच्या आकड्यांवरून एक जुना प्रश्न आठवतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक बूथच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत होत्या, त्यामुळं कुठल्या गावानं कुणाला दिलं हे कळत नसे. मशीन आल्यावर प्रत्येक बूथचा आकडा वेगळा दिसायला लागला. आयोगानं २००८ मध्ये टोटलायझर सुचवलं, म्हणजे अनेक बूथची मतं एकत्र करून मोजायची, विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला, केंद्र सरकारनं ते स्वीकारलं नाही. टोटलायझर असतं तर मारकडवाडी प्रकरण घडलंच नसतं कारण १,००३ आणि ८४३ हे आकडे कुणालाच दिसले नसते. गुप्ततेसाठी ते चांगलं, मत न देणाऱ्या गावाचा रस्ता अडवता येत नाही. पण मग गावाला आपला हिशेबही तपासता येत नाही. मी स्वतः या बाबतीत बूथनिहाय आकड्यांच्या बाजूनं आहे, गावाचा सूड घेतला जाऊ नये ही काळजी खरी असली तरी.

संशोधकांनी इथं काय करायला पाहिजे होतं? सर्व्हेला जाऊन "कुणाला मत दिलं" विचारलं तर त्या वातावरणात खरं उत्तर येणार नाही. त्यासाठी यादीची पद्धत आहे. अर्ध्या लोकांना चार वाक्यं द्यायची, अर्ध्यांना पाच, पाचवं वाक्य संवेदनशील ("मी या वेळी पक्ष बदलून मत दिलं"), आणि कुठली वाक्यं लागू ते न विचारता फक्त किती लागू एवढंच विचारायचं. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचवं वाक्य लागू असलेल्यांचं प्रमाण, आणि कुठल्याच एका माणसाचं उत्तर उघड होत नाही. एका गावात आकडा लहान पडतो, आसपासची गावं धरून करावं लागेल. हे त्याच डिसेंबरात करायला हवं होतं, आता लोकांच्या आठवणीवर सभांचे थर बसलेत.

आणि संशोधकांवरही जबाबदारी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएस या निवडणुकांच्या पाहण्या करणाऱ्या संशोधन संस्थेच्या संजय कुमारांनी महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांच्या मतदारसंख्येचे आकडे सोशल मीडियावर टाकले, ते चुकीचे वाचले गेले होते, दोन दिवसांत त्यांनी पोस्ट काढली आणि माफी मागितली. तोवर आकडा फिरून आला होता आणि पुढं गुन्हे, कोर्ट, सगळं झालं. चूक कबूल करणाऱ्यावर गुन्हा लावणं मला अजिबात पटत नाही. पण नावाजलेल्या माणसाचा आकडा लोक तपासत नाहीत, म्हणून तो टाकताना दहादा तपासायला पाहिजे. याच सीएसडीएस-लोकनीतीच्या पाहणीत निवडणूक आयोगावर खूप विश्वास आहे म्हणणारे २०१९ ला निम्म्याच्या आसपास होते ते २०२४ ला २८ टक्क्यांवर आलेले दिसले होते, आणि ती पाहणी महाराष्ट्र विधानसभेच्या कितीतरी आधीची. मारकडवाडी त्या घसरणीच्या वरच्या टोकाला उभी नव्हती, ती अर्ध्या उतारावर होती.

प्रकरणानंतर नियम सैल होण्याऐवजी आवळले. २० डिसेंबर २०२४ ला निवडणूक नियम ९३ बदलला आणि सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक गोष्टी लोकांना बघायला मिळण्यातून वगळल्या. मे २०२५ मध्ये आयोगानं सांगितलं की फुटेज ४५ दिवसच ठेवा, याचिका नसेल तर नष्ट करा. मतदारांची गोपनीयता हे कारण दिलं गेलं आणि त्यात तथ्य आहे. पण मग कागद तरी मोकळा करा.

माझी मागणी साधी आहे. बूथवरच्या ठरावीक टक्के मतदारांनी, समजा दहा टक्के, सह्या करून निकालानंतर सात दिवसांत अर्ज केला तर त्या बूथच्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंसमोर मोजाव्यात, खर्च अर्जदारांनी भरावा, फरक निघाला तर परत मिळावा. उमेदवार जिंकला का हरला हा प्रश्नच मधे नको. मारकडवाडी खर्च भरायला पहिल्या दिवसापासून तयार होती. या गावाला एवढा हक्क असता तर २६ नोव्हेंबरला अर्ज, महिनाअखेरीला मोजणी, आणि १,००३ निघाले असते तर जानकर गटाला ते आपल्या डोळ्यांनी दिसलं असतं, नसते निघाले तर साऱ्या देशाला.

आणि शहरातल्या लोकांनी हे खेड्यातलं भांडण म्हणून सोडू नये. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांत आपल्याकडं साधारणपणे व्हीव्हीपॅट लावतच नाहीत. म्हणजे सोलापूरच्या प्रभागात उद्या कुणी सह्या गोळा करून चिठ्ठ्या मोजा म्हणाला, तर मोजायला चिठ्ठीच नाही. पुढच्या सत्रात माझे विद्यार्थी राज्य निवडणूक आयोगाला माहिती अधिकारात याचंच कारण आणि खर्चाचा अंदाज विचारणार आहेत, अर्जाचा मसुदा त्या मागच्या बाकावरच्या मुलीनंच लिहिलाय.